कोऱ्या कागदावरचा शेरा

नाशिकमधल्या एका चित्रकला शिक्षिकेचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

वडील गणपतीचे मूर्तिकार, त्यामुळे त्यांचं लहानपण शाडूच्या मातीत गेलं. यंदा सातवीच्या वर्गाला त्यांनी 'आमच्या घरचा देव' हा विषय दिला. मुलांनी गणपती काढले, विठ्ठल काढले, वणीची देवी काढली. वर्गात सगळ्यांत चांगला हात असलेल्या एका मुस्लिम मुलीने मात्र कागद कोराच दिला. बाईंनी त्यावर लाल शाईने 'काम अपूर्ण' लिहिलं आणि गुण दिले नाहीत. दोन दिवसांनी मुलीचे आजोबा शाळेत आले. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, आमच्यात अल्लाहचं चित्र काढत नाहीत. पोरीने तुमचा अपमान करायला कागद कोरा ठेवलेला नाही." शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर बाई सर्वधर्मसमभावाचं मोठं चित्रही रंगवताहेत. राम, बुद्ध, महावीर, येशू असे चेहरे ओळीने काढून झाले आहेत आणि पाचवी जागा रिकामी आहे. शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणतं, यांचे लाड कशाला. कोणी म्हणतं, चित्रच पुसून टाका. त्या लिहितात: "देवाचं चित्र काढायला नाही म्हणणं म्हणजे देवालाच नाही म्हणणं, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. माझ्या वडिलांनी आयुष्यभर जे केलं, ते या लोकांच्या लेखी पाप आहे का? मी विषय मागे घेऊ, की कलेच्या स्वातंत्र्यासाठी ठाम राहू?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली त्या मुलीची, दुसऱ्यांदा तुमची. गुणांचा आणि शेऱ्याचा प्रश्न म्हणून पत्र सुरू होतं, पण मध्यावर तुमचे वडील येतात आणि तिथून वाक्यं लहान होत जातात. दुखलंय ते तिथे. म्हणून आधी त्यांच्याबद्दल बोलू.

तुम्ही लिहिलंय, ते माती पायांनी तुडवायचे. साच्यातून काढलेल्या मूर्ती पडवीत वाळत ठेवलेल्या असायच्या आणि तुम्ही भावंडं त्यांच्यामधून उड्या मारत पळायचात, कोणी रागवायचं नाही. डोळे मात्र ते सगळ्यांत शेवटी आखायचे. पहाटे, आंघोळ करून, कोणाशी न बोलता. आणि डोळे आखून झाल्यावरही तुम्ही मूर्तीला हात जोडलेत तर म्हणायचे, "अजून तो आलेला नाही. ज्याच्या घरी जाईल, तिथे येईल."

हे वाक्य तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. मी तिथेच थांबले. घडवणाऱ्याच्या हातात रूप आहे, प्राण नाही, हे तुमच्या वडिलांना पक्कं ठाऊक होतं. प्राणप्रतिष्ठा चतुर्थीला यजमानाच्या घरी होते. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहून मूर्ती जागची हलवली, की ती पुन्हा माती होते आणि पाण्यात जाते. आपला हात कुठे थांबवायचा, हे ते आयुष्यभर पाळत आले.

आता त्या आजोबांकडची गोष्ट. कुराणात कडाडून विरोध आहे तो मूर्तिपूजेला. सजीवांची चित्रं काढण्याविषयीचे कडक नियम मुख्यतः हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांतून आले. त्यातली एक प्रसिद्ध हदीस सांगते, की प्रतिमा घडवणाऱ्यांना कयामतीच्या दिवशी म्हटलं जाईल, तुम्ही जे घडवलंत त्यात आता प्राण फुंका. अल्लाहच्या नावांमध्ये 'अल-मुसव्विर' असं एक नाव आहे, त्याचा अर्थ रूप देणारा. ते काम त्याचं, त्यात आपण हात घालू नये, हा त्या नियमामागचा धाक आहे. आणि खुद्द अल्लाहविषयी तर श्रद्धाच अशी की त्याच्यासारखं दुसरं काहीच नाही. मग काढणार कशासारखं?

हे दोन नियम एकच आहेत असं मी म्हणणार नाही. तुमचे वडील त्या सीमेला अगदी चिकटून उभे राहिले आणि तिथे त्यांनी हात आवरला. आजोबा सीमेच्या बरेच अलीकडे थांबले. पण इथे काहीतरी माणसाच्या हातात नाही, हे दोघांनाही मान्य आहे. तुम्ही ज्या घरात वाढलात, त्या घराला हा विचार परका नाही, ताई.

"पाप आहे का?" या तुमच्या प्रश्नाला मी बगल देणार नाही. अनेक मुस्लिम विद्वानांच्या मते सजीवाची मूर्ती घडवणं निषिद्ध आहे. ते त्यांच्या अनुयायांवर बंधनकारक आहे. शाळेत आलेल्या त्या गृहस्थांनी मात्र तुमच्या वडिलांच्या कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते तर त्यांना माहीतही नव्हतं. ते आले होते एवढंच सांगायला, की त्यांच्या नातीने उद्धटपणा केलेला नाही. वडिलांवरचा निकाल तुमचा तुम्हीच त्यांच्या बोलण्यात ऐकलात.

आता तुमचं ते वाक्य: चित्राला नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं. हे तुमच्या स्वतःच्या देवघरापुढे बसून तपासून बघा. कोणत्याही पूजेत गुरुजी पाटावर तांदूळ पसरतात, त्यावर सुपारी ठेवतात आणि म्हणतात, हा गणपती. ना सोंड, ना डोळे. कलशावर नारळ ठेवला की देवी बसली. शाळिग्राम आहे, शंकराचा बाण आहे. देवीचा नुसता तांदळा असतो, शेंदूर लावलेली शिळा, आणि त्यापुढे ओटी भरताना बाया रडतात. माझ्या आजीच्या देवघरात चांदीचे टाक होते. चार पिढ्यांनी घासून घासून त्यांचे चेहरे पार गेले होते. खंडोबा कुठला आणि भवानी कुठली, हे फक्त आजीला बोटाने चाचपून कळायचं. नवे टाक करून घे असं आईने सुचवलं तेव्हा ती म्हणाली, "चेहरा गेला म्हणून देव गेला का?"

त्र्यंबकेश्वरला तर तुम्ही कित्येकदा गेला असाल. इतर ज्योतिर्लिंगांसारखं वर आलेलं लिंग तिथे नाही. खोलगट जागा आहे आणि तिच्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा, विष्णू, महेश. सोमवारच्या पालखीत मुखवटा निघतो, पण गाभाऱ्यात वाकून बघायचं ते त्या पोकळीत. आणि २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जुने थर काढले, तेव्हा खालचं कोरीव रूप समोर आलं. तोवर कित्येक पिढ्यांनी शेंदराने झाकलेल्या रूपाला हात जोडले होते. त्यांची भक्ती त्यामुळे कमी होती का?

दुसरं एक गृहीतक तुमच्या त्या भिंतीत आहे: प्रत्येक धर्माचा एक चेहरा असतो आणि प्रत्येक धर्मात याबाबत एकच मत असतं. तसं कुठेच नाही. नाशकातच बघा. नाशिकरोडच्या बालयेशू मंदिरात मूर्तीपुढे सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या लावतात. शरणपूरची जुनी वस्ती मात्र प्रोटेस्टंट मिशनने वसवलेली. त्या परंपरेत मूर्तीपुढे गुडघे टेकत नाहीत. दोघेही येशूचेच. याच प्रश्नावरून आठव्या-नवव्या शतकांत कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्यात शंभरेक वर्षं चित्रं फोडली गेली, पुन्हा लावली गेली, पुन्हा फोडली गेली. जैनांमध्ये मांगीतुंगीला डोंगरात १०८ फुटांचे ऋषभदेव कोरले आहेत, आणि नाशिकमधलीच कितीतरी जैन घरं स्थानकवासी आहेत, जी मूर्तीची पूजा करत नाहीत. मी एकदा अशाच एका मैत्रिणीच्या वास्तुशांतीला महावीरांची संगमरवरी मूर्ती घेऊन गेले होते, मोठ्या कौतुकाने. तिने हसून घेतली. ती काचेच्या कपाटात का ठेवलीय, हे मला पाच वर्षांनी कळलं, आणि तेही मी विचारलं म्हणून.

मुसलमानांमध्येही तेच. चौदाव्या शतकात इराणमधल्या तब्रीझमध्ये मुस्लिम राजदरबारासाठी, मुस्लिम वाचकांसाठी केलेल्या ग्रंथांत पैगंबरांची चित्रं आहेत. पुढे चेहऱ्यावर पडदा काढण्याची रीत आली. अल्लाहचं चित्र मात्र त्यांनीही काढलं नाही. आजही शिया घरांत हजरत अलींची तसबीर दिसू शकते, सुन्नी घरात सहसा दिसणार नाही. हे माहीत असावं, पण ते हत्यार म्हणून वापरू नये. "तुमच्यातही काढायचे की!" असं त्या आजोबांना ऐकवणं म्हणजे सुपारीचं उदाहरण देऊन तुमच्या वडिलांचं काम फुकट ठरवण्यासारखं आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे, तिच्याकडे तुमचं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. याच मुलीने मागच्या वर्षी आजीचे लसूण सोलणारे हात काढले होते आणि तुम्ही ते चित्र सूचनाफलकावर लावलं होतं. म्हणजे या घराचा चित्रकलेला विरोध नाही, माणसं काढायलाही नाही. नातीचा हात चांगला आहे याचा त्या आजोबांना बहुधा अभिमानच असेल. त्यांची रेघ फक्त एका ठिकाणी आहे.

आणि मुलीने काय केलं ते बघा. ती गैरहजर राहू शकली असती. खोटं काहीतरी खरडून गुण मिळवू शकली असती. तिने नाव, तुकडी, तारीख घालून कागद जमा केला. बारा वर्षांच्या मुलीला 'आमच्या घरचा देव' असं विचारलं आणि तिने अगदी खरं उत्तर दिलं.

आता कलेचं स्वातंत्र्य. उद्या एखाद्या प्रौढ चित्रकाराने मला विचारलं, की लोक नाराज होतील म्हणून मी हे चित्र काढू नको का, तर माझं उत्तर निराळं असेल आणि बहुतेक त्याच्या बाजूने असेल. पण तुमच्या वर्गात स्वातंत्र्याचा प्रश्न कोणाचा होता? विषय तुम्ही दिलात, गुण तुमच्या हातात, आणि तिला निवड नव्हती. काढण्याचं स्वातंत्र्य तेव्हाच खरं, जेव्हा न काढण्याचंही असतं. सहकारी 'लाड' म्हणतात, तो शब्द मला इथे अजिबात पटत नाही.

प्रतिमेला ताकद नसते असं कोणी समजू नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघत होते आणि पडद्यावर त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. तिथून आपल्या सिनेमाची सुरुवात झाली. त्याआधी त्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी काम केलं होतं. त्या छापखान्याने घराघरांत लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी पोचवल्या, आणि ज्यांना देवळात पायरीच्या आत येऊ देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर देव आला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये पडद्यावर राम आला की प्रेक्षक वहाणा काढून हात जोडायचे. तुमच्या वडिलांचं काम याच परंपरेतलं आहे आणि मला ते मोठं वाटतं. पण चित्रापुढे माणूस इतका विरघळतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळेल, की कोणी चित्राला घाबरून का राहतं. मन रंगात अडकेल आणि रंगापलीकडचा राहून जाईल, ही भीती आपल्याकडेही होतीच. महाराष्ट्रात १८६७ मध्ये स्थापन झालेला प्रार्थना समाज मूर्तीशिवायच उपासना करत आला. आपल्या संतांनी तर सगुण आणि निर्गुण यांचा झगडा कितीदा एकाच अभंगात मांडला आणि तसाच सोडून दिला.

काय करावं, ते आता सांगते.

सगळ्यांत आधी मुलीशी बोला, वर्गात नाही, एकटीशी. "मी घाईने शेरा लिहिला, चुकलं माझं," एवढं पुरे. तिला धर्म समजावून सांगायला लावू नका. ती विद्यार्थिनी आहे, तिच्या समाजाची प्रवक्ता नाही. आणि आजोबांचं मत तेच तिचं मत, असंही धरून चालू नका. कदाचित कागद तिने स्वतःच्या मनाने कोरा ठेवला असेल, कदाचित घरच्यांच्या धाकाने, कदाचित तिलाही नक्की माहीत नसेल. तुम्ही फक्त विचारा, तुला या विषयावर काय काढावंसं वाटतं? काही नाही म्हणाली तर तेही ऐका. आजोबांना शाळेत बोलावू नका, तुम्हीच फोन करा. त्यांनी जिना चढून यायचं ते एकदा झालं.

विषय मागे घेऊ नका, रुंद करा. 'आमच्या घरातली पवित्र जागा' म्हणा, किंवा 'घरातली पहाट'. गणपती काढणारा गणपती काढेल. कोणी रेहालवर (ग्रंथ ठेवायच्या घडवंचीवर) उघडलेलं कुराण काढेल, कोणी जानमाजवरची (नमाजाच्या चटईवरची) नक्षी, कोणी बायबल, कोणी आजीची नवकारवाली (जैन जपमाळ), कोणी बाबासाहेबांच्या फोटोपुढची मेणबत्ती. ज्याच्या घरी देवच मानत नाहीत, तो पुस्तकांचं कपाट काढेल. आता पुढच्या वेळी भांडण नको म्हणून देवादिकांचे सगळेच विषय बंद करण्याचा मोह होईल. तो टाळा, मग गणपती काढणाऱ्या मुलांवर अन्याय होईल.

भिंतीबद्दल मी थोडी कडक बोलणार आहे. पाचव्या रिकाम्या जागेत चंद्रकोर काढून वेळ मारून नेऊ नका. मला पहिल्या चार चेहऱ्यांविषयीही शंका आहे. बुद्धांना देवांच्या रांगेत बसवलेलं तुमच्याच शाळेतल्या अनेक बौद्ध पालकांना खटकत असेल. १९५६ च्या दीक्षेनंतर बुद्ध देव नव्हे, हीच त्या घरांची शिकवण आहे. त्यांनी तक्रार केली नाही एवढंच. शिवाय ती रस्त्यालगतची भिंत आहे. तिच्यावर जाहिराती चिकटतील, पोपडे निघतील, कोणी पिंक टाकेल. थुंकू नये म्हणून सोसायट्यांच्या जिन्यांत देवांच्या टाइल्स लावतात, तेव्हा देवाला आपण पहारेकरी करतो आणि रोज त्याची विटंबना बघतो. तुमचे वडील आपली मूर्ती अशा जागी ठेवू देणार नाहीत. माझं ऐकाल तर त्या भिंतीवर हात काढा. जोडलेले हात, दुआसाठी उघडलेले हात, माळ ओढणारे, गोदावरीत दिवा सोडणारे, मेणबत्ती पेटवणारे. मुलांना आपापल्या घरी बसून रेखाटनं करून आणू दे, आणि रंगवण्याआधी ती घरच्यांना दाखवून घ्या. हात कोण चांगले काढतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिला यायचं असेल तर येईल.

आणि वर्गाला एकदा पांडवलेण्यांवर, आपल्या नाशिकच्या प्राचीन बौद्ध लेण्यांवर, न्या. पायथ्याशी फाळके स्मारक आणि बुद्धविहार आहे, तिथून पायऱ्या चढा. आधी १८ क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, दाखवा. आत नुसता स्तूप आहे, दगडाचा गोल घुमट, चेहरा नाही. ते कोरलं गेलं तेव्हा बुद्धांची मूर्ती करण्याची रीत इथे पोचली नव्हती. सांचीतही बुद्ध दाखवायचे तर रिकामं आसन, पाऊलखुणा, बोधिवृक्ष. त्यामागे नियम होता की आणखी काही, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, तेही मुलांना सांगा. मग २० आणि २३ क्रमांकाची लेणी बघा, तिथे नंतरच्या शतकांत कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. शेवटी १० क्रमांकात जा, नहपान या क्षत्रप राजाच्या लेण्यात. मागच्या भिंतीवर स्तूप होता, तो तासून पुढे कोणीतरी भैरव केला. शेजारच्या ११ मध्ये जैन मूर्ती आहेत. एकाच डोंगरात लोकांनी चेहरा नको म्हटलं, हवा म्हटलं, आणि दुसऱ्याच्या खुणेवर आपला चेहराही कोरला. सातवीच्या मुलांना यातलं बरंच कळतं. तिथे बसवून रेखाटन करायला सांगा, कोणी काय निवडतं ते बघा. सकाळी लवकर निघा, उन्हात चढ जड जातो.

अशाच प्रसंगात सापडलेल्या इतर वाचकांसाठी: भेट म्हणून मूर्ती किंवा तसबीर देण्याआधी विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. आणि उलट बाजूने, तुमच्या घरात मूर्ती नसेल तर शेजाऱ्याच्या देवघराकडे बघून "दगडाला काय नमस्कार करायचा" असं मुलांसमोर बोलू नका. तेही तितकंच लागतं. या ताईंना ते न बोलताच लागलं.

राहिला तो कागद. तो अजून तुमच्याकडेच असेल. 'काम अपूर्ण' खोडू नका, लाल शाई खोडली तरी खाली दिसतेच. त्याखाली नव्याने लिहा, 'काम पाहिलं', सही करा, त्या दिवसाची तारीख घाला, आणि कागद तिला परत द्या. वडील असतील तर त्यांनाही हे सगळं एकदा सांगा. डोळे आखायच्या आधी ते पहाटे गप्प का बसायचे, हे तुम्ही त्यांना कधी विचारलं नसेल, तर तेही विचारा.